चौदा मीटर बॅबिनो

आल्फे बॅबिनोने कात्री उघडली आणि भिंतीवरच्या चौदा मीटर लांब कागदासमोर तसाच उभा राहिला.

"कापतोयस, की न्हाव्याकडे नोकरी लागलीय?" दारातून त्याची बायको एक्सेल्दा म्हणाली. तिच्या हातात कोंबडीच्या रश्श्याचं पातेलं होतं.

कागदावरची वंशावळ म्हणजे आल्फेची बावीस वर्षं. खाडीकाठच्या त्या गावात लॉबस्टरची होडी विकलेली माणसं पत्ते खेळतात किंवा मरतात. आल्फेने आडनावाचा माग काढायला घेतला. गावात एकशे सत्तर बॅबिनो, त्यामुळे आडनाव सांगून कुणाचाच पत्ता लागत नाही. लोक बापाआजोबांची साखळी सांगतात. आज तासाभराने सगळं कूळ जमणार होतं आणि रिवाजाप्रमाणे प्रत्येक घरातलं वडीलधारं माणूस उभं राहून आपली साखळी म्हणणार होतं, थेट फ्रान्सहून आलेल्या आंत्वान बॅबिनोपर्यंत.

आणि मंगळवारी बोस्टनहून पाकीट आलं होतं.

सतराशे पंचावन्नमध्ये इंग्रजांनी ग्रां-प्रे या फ्रेंच वस्तीतली माणसं जहाजांत कोंबून देशोधडीला लावली. आंत्वानचा नातू रने जहाजावरच वारला. त्याची विधवा मार्गरित पोरांसह बोस्टनजवळ उतरली. अनाथ पोरं तिथे घरोघर राबायला वाटून टाकत. पाकिटात तिथल्या कारकुनाच्या यादीची प्रत होती: विधवा, तीन मुली, चार वर्षांचा झोझेफ. समोर शेरा: 'मुलगा बाईचा नसावा. सोडायला तयार नाही.'

दहा वर्षांनी मार्गरित त्या चौघांना घेऊन पायी परत आली. गावातले सगळे बॅबिनो त्या झोझेफचे.

"म्हणजे आंत्वान आपला कुणीच नाही," आल्फे म्हणाला. "वरचे दोन मीटर कापायला हवेत. नाहीतर पाकीट चुलीत."

"थेओतीमला काय वाटेल, त्याची भीती?"

थेओतीम त्याचा चुलतभाऊ. त्याच्या दिवाणखान्यात बॅबिनो घराण्याचं कुलचिन्ह होतं. त्यावरचा सिंह टपालाने मागवलेला.

"बावीस वर्षं हसतोय तो मला."

एक्सेल्दाने पातेलं खाली ठेवलं. "मी कोर्मियेंची. तुझं नाव लावलं तेव्हा माझं रक्त तपासलं होतंस?"

आल्फेने कात्री तिच्याकडे दिली. तिने पावाची पिशवी कापली.

माणसं जमली. आल्फेने आधी कारकुनाचा शेरा वाचला, दोनदा, कारण मागच्या बाकावर ऐकू येत नव्हतं. मग साखळी म्हटली.

"मी आल्फे, क्लोविसचा. क्लोविस झेदेओंचा. झेदेओं मॅक्सिमचा. मॅक्सिम लोराँचा. लोराँ झोझेफचा." तो थांबला. "झोझेफ मार्गरितचा."

साखळीत बाईचं नाव आजवर कुणी ऐकलं नव्हतं. कुणीतरी चमचा खाली ठेवला.

थेओतीम उठला. "म्हणजे बावीस वर्षं खपून तू एवढंच शोधलंस, की आपण बॅबिनो नाही?"

"एवढंच."

"आणि माझा सिंह?"

"राहू दे. मांजर म्हणून शोभतो."

कुणी हसलं नाही. थेओतीमने टोपी काढली.

"मी थेओतीम, आंसेल्मचा. आंसेल्म दोसितेचा. दोसिते मॅक्सिमचा. मॅक्सिम लोराँचा. लोराँ झोझेफचा." त्याने भिंतीवरच्या आंत्वानकडे पाहिलं. मोठी अक्षरं, लाल शाई. "झोझेफ मार्गरितचा," तो म्हणाला आणि खाली बसला.

मग एकेक करून एकतीस घरं उठली. सगळी तिच्यापाशीच येऊन थांबली.

निघताना थेओतीम कागदापाशी रेंगाळला. रनेच्या नावाखाली, पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरांत 'पत्नी मार्गरित' एवढंच होतं.

"हिचं माहेर कुठलं रे?"

"ते कधी शोधलंच नाही," आल्फे म्हणाला.

"बावीस वर्षं?" थेओतीम म्हणाला. आवाजात हसू नव्हतं.

आल्फेने खिशातून पेन्सिल काढली. थेओतीमने खुर्ची ओढून दिली.