माझे एक्केचाळीस दाते आणि बाईंचं बोलणं

मित्रांनो, मी एक जुना गिअर आहे. नाकं मुरडू नका, आधी ऐकून तर घ्या! दोन सीटच्या एका जुन्या स्पोर्ट्स गाडीच्या मागच्या ॲक्सलमध्ये, काळ्या घट्ट तेलात माझा जन्म गेला. मला एक्केचाळीस दाते आणि माझ्या जोडीच्या धाकट्या गिअरला नऊ. कारखान्यात आम्हा दोघांना एकमेकांवर घासून बसवलं आणि दोघांवर एकच नंबर ठोकला. तेव्हापासून आमचं दुसऱ्या कुणाशी जुळत नाही.

आमचं काम सोपं. इंजिनाकडून येणारा दांडा साडेचार वेळा फिरला की मागची चाकं एकदा फिरायची. त्यामुळे वेग कमी, पण चढावर दम भारी. गाडीचे मालक दातांचे डॉक्टर. तरुणपणी ते डोंगरावरच्या शर्यतींत उतरायचे, आणि पहिले आले की बॉनेट थोपटायचे. अहो, बॉनेट काय थोपटता? जोर कुणी लावला? याचं मला अजून वाईट वाटतं.

सपाट रस्त्यावर मात्र माझ्यामुळे इंजिन जिवाच्या आकांताने ओरडायचं. शेजारी बसलेल्या बाई, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, काहीतरी सांगायच्या. डॉक्टर विचारायचे, "काय?" त्या पुन्हा सांगायच्या. पुन्हा "काय?" शेवटी बाई गप्प बसायच्या. पुढे पुढे तर त्यांनी गाडीत बसणंच सोडलं.

डॉक्टर निवृत्त झाले. मुलीचं घर हमरस्त्याने चार तासांवर. बाई गॅरेजच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मी आपली बसने जाते. तुम्ही या तुमच्या लाडकीला घेऊन." डॉक्टरांचा चेहराच पडला. दुसऱ्या दिवशी गाडी मेस्त्रींकडे.

मेस्त्रींनी चाकांवर खडूची खूण केली, दोन्ही चाकं बरोबर एक फेरी फिरवली आणि दांड्याच्या फेऱ्या मोजल्या. "साडेचार, वर थोडं. डॉक्टर, हा घाटातला राजा आहे, पण हमरस्त्यावर कान किटवणार. तीन पॉइंट नऊ फेऱ्यांची जोडी घाला. चढही चढेल, आवाजही कमी होईल."

"सगळ्यात शांत कुठला?" डॉक्टरांनी कॅटलॉग उघडून विचारलं.

"साडेतीन. पण तुमच्या घराची चढण..."

"चढणीचं माझ्यावर सोडा. साडेतीन!"

चित्र बघून कवळी निवडू नका, असं रोग्यांना जन्मभर बजावणाऱ्या माणसाने कॅटलॉग बघून गिअर निवडला! आता मी भंगारात जाणार, म्हणून माझा जीव टांगणीला लागला. पण डॉक्टरांनी आम्हा दोघांना फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवलं. "राहू दे, जुने सोबती आहेत," म्हणाले.

मग त्यांनी बाईंना मोठ्या आग्रहाने फेरफटक्याला नेलं. हमरस्त्यावर सगळं कसं शांत. परत येताना घराची चढण लागली आणि गाडी अर्ध्यावर गचके खाऊन बंद पडली. पुन्हा सुरू केली, क्लच जळल्याचा वास आला, पुन्हा बंद. बाई उतरल्या आणि चालत घरी गेल्या. खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता घ्या म्हणावं साडेतीन!

डॉक्टरांनी गाडी मेस्त्रींकडे नेली तेव्हा बाईही बरोबर होत्या. "जुनाच परत बसवा," डॉक्टर खाली मान घालून म्हणाले. "हिला बसनेच जाऊ दे. माझ्या नशिबात नाही."

मी मनातल्या मनात दाते घासून तयारच होतो. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "मेस्त्री, तो मधला बसवा. चढणीला थोडी कुरकुर करेल ना? करू दे. कुरकुर ऐकायची सवय आहे मला." मेस्त्री हसले. डॉक्टरही हसले. मी हसलो नाही.

तीन पॉइंट नऊ बसला. पुढच्या आठवड्यात दोघं मुलीकडे निघाले. आम्ही डिकीतच. चढण पार झाली, हमरस्ता लागला आणि बाई बोलू लागल्या. गळका नळ, मुलीकडचे पडदे, गुडघा. डॉक्टर प्रत्येक गोष्टीला नीट उत्तर देत होते.

"मला गाडी शिकायची होती, ठाऊक आहे?"

"कधी बोलली नाहीस ती!"

"बोलले होते. इथेच बसून. किती वेळा."

डॉक्टरांनी वेग कमी केला. मग त्यांनी गाडी हमरस्त्यावरून खाली एका मोकळ्या मैदानात घेतली. दारं उघडली आणि लागली. "आधी क्लच दाब," डॉक्टरांचा आवाज आता दुसऱ्या बाजूने आला. गाडीने असा काही झटका खाल्ला की मी आणि धाकटा डिकीत एकमेकांवर आपटलो. बाई खळखळून हसल्या. एवढ्या वर्षांत मी ते हसणं पहिल्यांदाच ऐकलं.

मित्रांनो, जुना गिअर काढलात तर त्याला तेल लावा, फडक्यात बांधा, त्याची जोडी फोडू नका. एवढं माझ्यासाठी करा. आणि शेजारचं माणूस काही सांगत असेल तर आधी आवाज कमी करा. त्या दोघांच्या मध्ये चाळीस वर्षं मीच ओरडत होतो.