जुनी फॅमिली काढायची आहे

मास्तरांना चोरून ऐकायची खोड मुळीच नव्हती. पण जावई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून फोन स्पीकरवर टाकून मोठमोठ्याने बोलत असेल आणि लेकीकडे राहायला आलेले मास्तर शेजारच्या खोलीत दाढी करत असतील, तर त्यांनी काय कानात बोळे घालून बसायचं? ऐकू आलं ते आलं. आणि जे आलं त्याने त्यांचा हात असा थबकला की अर्धी हनुवटी साबणातच राहिली.

"जुनी फॅमिली काढायचं नक्की ना?" फोनमधून एक बाई विचारत होत्या.

"नक्की, मॅडम. किती वर्षं ओढायची? नुसती जागा अडवून बसलीय."

"आणि नवी?"

"नवी परवाच जोडली. एकदम सुटसुटीत. जुनीकडचं जे कामाचं होतं ते सगळं नवीकडे हलवलं. शुक्रवारी दुपारी मंडळी जेवायला उठली की जुनी काढून टाकतो. कुणाला पत्ताही लागणार नाही."

"बघा हं. एकदा काढली की परत मिळत नाही."

"सगळा विचार झालाय," जावई म्हणाला आणि वर चक्क हसला.

मास्तरांनी उभा जन्म लोकांना गाडी चालवायला शिकवण्यात घालवला होता. "मास्तर, फॅमिलीला शिकवायचंय, जरा सांभाळून घ्या," असं म्हणत नवरे यायचे आणि मागे त्यांच्या बायका उभ्या असायच्या. फॅमिली म्हणजे पोराबाळांसकट अख्खं घर, असं कुणी म्हणत असेल तर म्हणो. मास्तरांच्या लेखी फॅमिली म्हणजे बायको. आणि या घरातली बायको म्हणजे त्यांची एकुलती एक लेक.

आता खरं काय ते तुम्हाला सांगूनच टाकतो, नाहीतर तुम्हीही मास्तरांसारखे जीव टांगणीला लावून बसाल. जावई एका लिफ्टच्या कंपनीत डेटाबेस सांभाळतो. शेकडो इमारतींतल्या लिफ्टा दिवसभर कळवत असतात: दार उघडलं, दार मिटलं, वजन इतकं, या मजल्यावर अडकले. हे सगळं एका अवाढव्य टेबलात जातं. लाकडी नव्हे, रकान्यांच्या. साध्या टेबलात एका लिफ्टची सगळी माहिती एका ओळीत गुण्यागोविंदाने नांदते. या टेबलाची तऱ्हाच वेगळी. त्यात दारांचे रकाने एका गाठोड्यात, वजनांचे दुसऱ्या गाठोड्यात, आणि प्रत्येक गाठोडं वेगळं ठेवलेलं. त्या गाठोड्याला हे लोक फॅमिली म्हणतात. रचना बदलायची तर टेबल थोडा वेळ बंद करायचं, नको ती फॅमिली काढायची आणि टेबल पुन्हा सुरू करायचं. बस, इतकंच. मास्तरांनी विचारलं असतं तर जावयाने हौसेने सांगितलं असतं. पण सरळ विचारतील तर ते मास्तर कसले?

त्यांनी आडून विचारलं. लेक चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची, तिला यायला अवकाश होता. जावयाने चहाचा कप पुढे केला तसे मास्तर खाकरले.

"जावईबापू, काढण्याआधी काही दुरुस्ती करून बघता येत नाही का?"

जावयाचा चेहरा उजळला. लग्न झाल्यापासून या घरात त्याच्या कामाची अशी चौकशी कुणी केली नव्हती. "म्हणजे तुम्ही ऐकलंत होय? अहो, केला ना प्रयत्न. पण ती काही विसरतच नाही. एकेका गोष्टीच्या दहा-दहा जुन्या आवृत्त्या जपून ठेवते. आज काय झालं एवढंच विचारावं, तर तिच्या पोटात मागचं सगळं साठलेलं."

मास्तरांनी नुसती मान हलवली. कारण हे खोटं नव्हतं. लेक या बाबतीत थेट आईवर गेली होती. मास्तरांची बायको जाईपर्यंत त्यांना कुठल्या पाहुण्यांसमोर ते काय बोलले होते ते शब्दाशब्दांनिशी ऐकवायची. क्षणभर त्यांना जावयाची दयाच आली.

"आणि नवी?" त्यांनी विचारलं.

"नवी फक्त शेवटचं तेवढं लक्षात ठेवते. आधीचं पुसून मोकळी." जावई खुर्ची सरकवून जवळ आला. "दाखवू का तुम्हाला? स्क्रीनवर फार छान दिसते."

"मला नाही बघायची," मास्तर म्हणाले आणि चहा तसाच टाकून उठले.

त्या दिवसापासून त्यांचं लेकीवरून लक्ष हटेना. ती गुणगुणत भांडी विसळायची, नवऱ्याच्या शर्टाचं बटण लावायची. बिचारीला कशाची कल्पना नाही. "चल माझ्याकडे, राहा चार दिवस," त्यांनी सुचवून पाहिलं. "आत्ता? अहो बाबा, दुकानात माणसं कमी आहेत. आणि तुम्हीच तर इथे आलायत," असं म्हणून तिने विषय संपवला.

मग त्यांनी आपल्या शेजारणीला फोन लावला. मागची खोली झाडून घ्या म्हणाले, गादीला ऊन दाखवा, खिडकीचा पडदा धुवायला टाका. लेक येतेय. कायमची, असं नाही म्हणाले, पण आवाजात होतं. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण शीळ घालतोय. बायको गेल्यापासून ते एकट्यापुरता भात लावायला शिकले नव्हते, रोज उरायचाच. आता उरणार नव्हता. लेकीचा संसार मोडायला निघालाय आणि हा म्हातारा शीळ घालतोय, या विचाराने त्यांना स्वतःचीच इतकी लाज वाटली की ते बाल्कनीत जाऊन उगाच झाडांना पाणी घालत बसले. सकाळी लेकीने घातलेलंच होतं. कुंड्या ओसंडल्या आणि खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन भांडून गेली.

शुक्रवार उजाडला. मास्तरांनी लेकीची बॅग भरली. पुरुषमाणसाने भरावी तशी भरली: स्वेटर भरमसाट, मोजे एकेकटे आणि चष्म्याच्या रिकाम्या डब्या. मग दुकानात फोन केला. "असशील तशी ये. फोनवर सांगण्यासारखं नाही." आणि एका हातात तिची, दुसऱ्यात आपली अशा दोन बॅगा घेऊन ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"टेबल बंद केलं, मॅडम," जावई सांगत होता. "रचना पुन्हा एकदा बघून घेतो. हं, दोन्ही फॅमिली दिसतायत. जुनीचं नाव ताडून बघितलं. काढू?"

"काढा."

"हात मागे घ्या," मास्तर म्हणाले.

जावयाने दचकून दोन्ही हात वर केले.

"तुम्ही कशाला कष्ट घेता? मीच नेतो तिला. माझी लेक मला जड झालेली नाही. जागा अडवते म्हणे. विसरत नाही म्हणे. अहो, तिने लक्षात ठेवलं म्हणून तुमच्या आईकडे औषधं वेळेवर पोचतात, आहे का ठाऊक?"

"बाबा, तुम्ही काय बोलताय?"

"अहो, काढली का?" फोनमधून मॅडम विचारत होत्या. "टेबल बंद आहे, इथे सगळ्यांचे स्क्रीन कोरे पडलेत. कुठली लिफ्ट कुठे अडकलीय काही कळत नाही."

मास्तर फोनकडे वळले. "बाई, तुम्हाला जनाची नाही तर मनाची तरी? तुम्हीच नवी असाल तर सांगून टाका एकदा."

"मी तशी नवीच आहे, जानेवारीत लागले," मॅडम गोंधळून म्हणाल्या.

तेवढ्यात लेक धापा टाकत आत आली. "काय झालं? कुणाला काय झालं?"

"हा तुला काढतोय," मास्तर म्हणाले. "जेवणाच्या सुट्टीत. कुणाला पत्ता न लागू देता."

जावयाने एकदा सासऱ्यांकडे पाहिलं, एकदा बॅगांकडे, आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने लॅपटॉप हळूच मास्तरांकडे वळवला आणि दोन ओळींवर बोट ठेवलं. "बाबा, फॅमिली म्हणजे ही. ही जुनी, ही नवी. लिफ्टच्या दारांची."

लेक हसता हसता जमिनीवरच बसली. फोनमधून मॅडम हसत होत्या आणि हसता हसताच टेबल सुरू करा, टेबल सुरू करा म्हणत होत्या.

"बाबा, आता काढू का?" जावयाने विचारलं.

"काढा," मास्तर पुटपुटले. जावयाने बटण दाबलं, टेबल सुरू केलं, आणि मॅडमनी सगळं दिसायला लागल्याचं सांगून फोन ठेवला.

मास्तरही हसले. हसणं भागच होतं. पण लेकीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायचं काम तिचं.

"बाबा, तुम्हाला वाईट वाटलं?"

"वाईट कशाला वाटेल? चांगलंच झालं की." त्यांनी बॅगा उगाच या हातातल्या त्या हातात घेतल्या. "मागची खोली तेवढी झाडून घेतली होती. गादीला ऊनही दाखवलं. शेजारणीला आता नको म्हणून कळवायला हवं." मग त्यांना राहवलं नाही. "खरं सांगू? तुझी काळजी तर वाटलीच गं. पण तू येणार म्हणून आनंदही झाला. बाप असून झाला. फार वाईट माणूस आहे मी."

जावई चहाचे कप उचलून सिंककडे गेला आणि पाठमोरा उभा राहिला.

लेक उठली. तिने आपल्या बॅगेची चेन उघडून आतले स्वेटर आणि मोजे पाहिले आणि चेन पुन्हा लावली.

"माझा संसार मोडला तरच मी तुमच्याकडे यायचं, असं कुणी सांगितलं तुम्हाला?" ती म्हणाली. "मी सुखात असताना नाही का येऊ शकत?"

मास्तरांनी दोन्ही बॅगा खाली ठेवल्या.

"दुकानात सांगते मी. पंधरा दिवस. चला, बॅग भरलीच आहे." ती चपला घालायला लागली. "फक्त टॉवेल विसरलात. बाथरूममध्ये आहे बघा, निळा."

मास्तर टॉवेल आणायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. कुणी त्यांना हाक मारली नाही.