लुगडे नेसलेली पुतळी

मित्रांनो, सुरतेतल्या डिंडोलीच्या लोकजीवन संग्रहालयात शिरलात की डाव्या हाताला हिरवे लुगडे नेसलेली एक बाई उभी दिसेल. डोक्यावर पदर, हातात टोपली. लहान मुले मला हटकून विचारतात, "मावशी, तू खरी आहेस का?" मी खरी नाही. मी फायबरची एक जुनी पुतळी आहे. पण माझ्या अंगावरचे लुगडे खरे आहे, आणि मी आता सांगणार आहे तेही अगदी मनापासूनचे आहे.

माझा जन्म सुरतेतच झाला. कतारगामच्या एका छोट्या कारखान्यात मला साच्यातून काढले. कारागिराने गोरापान रंग दिला, गुलाबी ओठ रंगवले, कंबर एका बाजूला कलती ठेवली आणि दोन्ही पाय एकमेकांना जोडून टाकले. साडी दाखवणाऱ्या पुतळीला चालायचे थोडेच असते! तिथून मी कापड बाजारातल्या एका साडीच्या दुकानात गेले. रोज नवी साडी, रोज नवा रंग. बायका माझ्यापुढे थबकत आणि म्हणत, "हिने नेसलीय ना, तीच दाखवा." ते ऐकून मला फार अभिमान वाटे. खरे तर कौतुक साडीचे होते. मला ते माझेच वाटत असे.

मला साड्या नेसवायचे काम सरलाबाईंचे होते. त्या धुळ्याकडच्या. नवऱ्याबरोबर सुरतेला आल्या तेव्हापासून याच दुकानात साड्यांच्या घड्या घालत. टाचणी लावताना त्या ती कधी माझ्या अंगात खुपसत नसत, पदराला हळूच अडकवत. निर्जीव वस्तूलाही इतक्या मायेने हात लावणारी माणसे थोडी असतात.

एकदा दिवाळीच्या गर्दीत मी पडले आणि माझ्या नाकाचा टवका उडाला. नाक तुटलेल्या पुतळीला साडी कोण नेसवणार? मला जिन्याखाली, भिंतीकडे तोंड करून उभे केले. दोन वर्षे मी फक्त त्या भिंतीचा चुना पाहिला.

त्याच सुमारास डिंडोलीत एक वेगळीच गोष्ट घडत होती. निंबादादा नावाचे एक गृहस्थ तिथे राहत. उभा जन्म त्यांनी यंत्रमागावर काढला होता. एकदा शेजारची किरण नावाची मुलगी त्यांच्या घरी आली. कोपऱ्यातली ताक घुसळायची रवी हातात घेऊन, हे काय म्हणून तिने गुजरातीत विचारले, "दादा, आ शुं छे?" मुलगी खान्देशी, आजी खान्देशी, पण रवी तिने कधी पाहिली नव्हती. दादांनी तिला लोटाभर ताक घुसळून दाखवले. पोर खुदुखुदु हसली. दादांच्या मनात मात्र रुखरुख लागली. आपण पोटासाठी गाव सोडले. पण आपण कसे जगत होतो, हे या मुलांना कोण सांगणार?

मग ते घरोघरी फिरू लागले. कुणाच्या पलंगाखालून जाते निघाले, कुणाच्या माळ्यावरून पीठ मळायची काठवट. एका भल्या गृहस्थाने बंद पडलेल्या कारखान्यावरच्या दोन खोल्या दिल्या. वस्तू जमल्या, पण त्या वापरणारे माणूस दाखवायला काही नव्हते. डिंडोलीतच राहणाऱ्या सरलाबाईंनी दुकानाच्या शेठजींकडून मला मागून घेतले आणि रिक्षात आडवी घालून डिंडोलीला आणले.

त्यांनी आपल्या आईचे, कुसुमबाईंचे, नऊवारी लुगडे ट्रंकेतून काढले. नेसवायला गेल्या तर पंचाईत! जोडलेल्या पायांना कासोटा घालणार कसा? त्यात माझी ती कलती कंबर. सरलाबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "मनी माय अशी कधी उभी राह्यनी नही!"

निंबादादांनी करवत आणली. माझे पाय वेगळे केले, आत लाकडाच्या पट्ट्या ठोकल्या, कंबर सरळ केली. नाक पुट्टीने भरले. गोरा रंग खरवडून उन्हात राबणाऱ्या बाईचा रंग दिला. कुणीतरी नथ आणली, ती सरलाबाईंनी परत केली. "माझ्या आईला नथ नव्हती. खोटे नको." मित्रांनो, मला दुखले असेल असे तुम्हाला वाटेल. पण आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या दोन पायांवर उभी राहिले होते.

पुढची सहा वर्षे सुखाची गेली. शाळेची मुले येत. योगिता नावाच्या शिक्षिका त्यांना एकेक वस्तू समजावून सांगत. एकदा एका म्हाताऱ्या आजींनी सगळ्यांसमोर माझा कासोटा सोडून पुन्हा खोचला. "असा नाही गं, असा!" सरलाबाई हसल्या आणि शिकल्या.

मग एक दिवस निरोप आला. इमारत पाडायची आहे, आठ दिवसांत खोल्या रिकाम्या करा. निंबादादांनी खूप धावपळ केली, पण कुठे जागा मिळेना. सातव्या दिवशी ते जात्यावर बसले आणि म्हणाले, "उद्या भंगारवाल्याला बोलावतो. माझ्याच्याने आता होत नाही." मला पुन्हा तो जिना आठवला.

सरलाबाई पुढे झाल्या. "हाई फेकानं नही, दादा. घरघर वाटी द्या. जागा मिळस तोवर ज्यानं त्यानं सांभाळी ठेवानं."

योगिताबाईंनी प्रत्येक वस्तूला कापडी चिठ्ठी बांधली आणि संध्याकाळपर्यंत संग्रहालय चाळीस घरांत पांगले. मी सरलाबाईंच्या एका खोलीच्या घरात गेले, त्यांच्या खाटेशेजारी उभी राहिले. त्यांची सून सकाळी मला पाहून दचकली, आणि महिनाभरात माझ्याशी बोलत भाकरी थापू लागली. गल्लीतल्या बायका मला सरलाबाईंची जाऊ म्हणत. दर रविवारी योगिताबाई मुलांना घेऊन घरोघर फिरत. आता वस्तूंची माहिती घरातली माणसेच सांगत. जाते असलेल्या घरात आजी ओव्या म्हणून दाखवी. असे अकरा महिने गेले.

अखेर एका शाळेने आपला वरचा हॉल दिला. परतीच्या दिवशी जो तो आपली वस्तू पुसूनपासून घेऊन आला. शेवटी वस्तीतली जयश्री आली. तिच्याकडे मांडे भाजायचे मातीचे खापर दिले होते. ती दारातच थांबली. एका हातात गाठोडे, दुसऱ्या हातात झाकलेले ताट. डोळे भरलेले.

"आखाजीना मांडा करता करता खापर फुटी गयं, दादा."

गाठोड्यात अक्षय्य तृतीयेला फुटलेल्या त्या खापराचे तुकडे होते. ताटात मांडे होते. निंबादादांनी गाठोडे आपल्या हातात घेतले. मग त्यांनी मांड्याचा एक घास मोडला, तोंडात घातला आणि ते म्हणाले, "असा मांडा माझ्या आईनंतर आज खाल्ला, पोरी. रडतेस कशाला?" ते तुकडे त्यांनी काचेच्या पेटीत मांडले. खाली योगिताबाईंनी लिहिले, 'हे खापर वापरताना फुटले.' आज सर्वात जास्त मुले त्याच पेटीपुढे थांबतात.

मित्रांनो, मला कुणी घडवले, कुणी टाकून दिले, कुणी पुन्हा उभे केले. टाकणाऱ्यांवर माझा राग नाही. उभे करणाऱ्यांचे ऋण मात्र फिटणार नाही. महिन्यातून एकदा सरलाबाई जिने चढून येतात. एकाच घडीवर लुगडे चिरू नये म्हणून ते उलगडून मला पुन्हा नेसवतात. आता त्यांची बोटे थरथरतात, म्हणून नेसवायला चार मुली मदतीला असतात.

तुम्हीही या. माझा पदर ओढू नका, एवढेच. आणि घरी गेल्यावर माळ्यावरची एखादी जुनी वस्तू खाली काढा. धूळ पुसा आणि घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, ही कुणाची, हिने काय काय केले? ती माणसे आहेत तोवरच विचारा. माझ्या पायाशी एक पाटी आहे. काय लिहू म्हणून योगिताबाईंनी विचारले, तेव्हा सरलाबाईंनी एवढेच सांगितले होते. ते तसेच लिहिले आहे:

'हे लुगडे कुसुमबाईंचे. हे नेसून त्या शेतात जात.'