अकरा वाकडे हेडमास्तर

मिस्त्रींनी भांडणं सोडलं, ही काकूंची तक्रार होती, आणि येईल त्याच्यापुढे त्या ती मांडत. काच पुरवणाऱ्याला सांगत, वरच्या मजल्यावरच्या शिंपिणीला सांगत, लांब राहणाऱ्या लेकीला फोनवर सांगत.

"नशीबवान आहात, काकू," शिंपीण म्हणायची. "आमचे हे तर झोपेतही भांडतात."

"कसलं डोंबलाचं नशीब! भिंतीशी बोललं तर निदान पोपडा तरी पडतो. हे नुसते म्हणतात, 'तू म्हणशील तसं.'"

चाळीस वर्षं दोघांचं फोटो-फ्रेमचं दुकान होतं. मिस्त्री पट्ट्या कापायचे, कोपरे जुळवायचे, काच बसवायचे. काकू गिऱ्हाइकांना सांभाळायच्या आणि फ्रेम भिंतीवर टांगायची वेळ आली की समोर उभं राहून हुकूम सोडायच्या. चौथीतच शाळा सुटलेली, पण त्यांच्या नजरेपुढे कसलेल्या सुताराने हात टेकावेत. सरळ रेषा बघायला बाकीचे लोक पाणसळ वापरतात, म्हणजे ती पट्टी, जिच्यातल्या नळीत पाण्याचा बुडबुडा असतो आणि तो मधोमध आला की काम सरळ. काकूंनी ती वस्तू दुकानात येऊच दिली नव्हती. "माझ्या कामाची साक्ष बुडबुड्याने द्यायची? आज आहे, उद्या फुटेल."

या चाळीस वर्षांत दोघं पट्टीच्या रंगावरून भांडले, खिळ्याच्या लांबीवरून भांडले, चहात साखर आधी की दूध आधी यावरून भांडले. मग काकूंच्या मूत्रपिंडात गाठ निघाली. ती कापून काढली, पण तिची पिल्लं फुप्फुसात जाऊन बसली होती. डॉक्टरांनी इम्युनोथेरपी सुरू केली. दर तीन आठवड्यांनी दवाखान्यात जायचं, आरामखुर्चीत पसरायचं आणि हातातल्या सुईतून पिशवीभर औषध थेंबथेंब आत घ्यायचं. नव्या तपासणीत पिल्लं निम्मी झालेली दिसली. डॉक्टर हसले, काकूही हसल्या. मिस्त्री मात्र ज्या दिवशी गाठ निघाली त्या दिवशी मवाळ झाले ते झालेच.

आता काकूंना भांडण हवं होतं ते नुसत्या हौसेसाठी नाही. त्यामागे कारण होतं, आणि ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. पाचव्या पिशवीनंतर त्यांना चक्कर यायला लागली होती. उठून उभं राहिलं की जमीन पायाखालून सरकायची, डोळ्यांपुढे काळोखी यायची. अशा वेळी काहीतरी धरायला लागतं. पण विनाकारण दाराची चौकट धरून उभी राहिलेली बाई लोकांच्या डोळ्यांत येते, आणि तीच बाई चौकट धरून तणतणत असेल तर कुणाला काही वाटत नाही. उलट लोक लांबूनच जातात. म्हणून चक्कर आली की काकू भांडण उकरून काढायच्या. शिंपिणीला जिन्याच्या कठड्याला धरून ऐकवायच्या, काचवाल्याला काउंटरला धरून. घरी मात्र पंचाईत व्हायची. "आज पाणी कुणी सांडलं इथं?" असं गरजून त्या ओट्याला धरायच्या, तर मिस्त्री म्हणायचे, "मीच सांडलं असेल, तू म्हणशील तसं." भांडण तिथंच संपायचं आणि काकू ओट्याला लटकलेल्याच राहायच्या.

दवाखान्यात त्या का सांगत नव्हत्या, त्याचंही कारण होतं. शेजारच्या खुर्चीत एक पोस्टमन बसायचा. त्याच्या अंगावर काहीतरी उठलं, त्याने ते नर्सला दाखवलं आणि पुढच्या खेपेला खुर्ची रिकामी. "औषध थांबवलंय," नर्स म्हणाली होती. काकूंनी तेवढं ऐकलं आणि ओठ शिवून घेतले. दर खेपेला नर्स कागद घेऊन यायची.

"आजी, ताप?"

"नाही. आणि आजी नको म्हणूस."

"जुलाब? पुरळ? चक्कर?"

"नाही, नाही, नाही." तिसऱ्या 'नाही'ला खुर्चीचा दांडा जरा घट्ट धरायचा, की झालं.

शिवाय काकूंना स्वतःचा एक उपाय सापडला होता. मान डावीकडे कलती ठेवली की गरगरणं बरंच कमी व्हायचं. का, ते देव जाणे. काकू तशाच कलत्या मानेने दिवसभर वावरायला लागल्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "फोनवर बोलून बोलून सवय लागलीय."

अशात शाळेचं काम आलं. सभागृहाच्या लांब भिंतीवर आजवरच्या अकरा हेडमास्तरांचे फोटो, एका ओळीत. मिस्त्री शिडीवर चढले. काकू समोर बाकाला टेकून, मान कलती करून उभ्या राहिल्या.

"डावा कोपरा खाली घ्या. आणखी. आणखी जरा."

मिस्त्रींनी वरून एकदा काकूंकडे बघितलं. तोंड उघडलं, मिटलं.

"तू म्हणशील तसं," ते म्हणाले.

अकराच्या अकरा फोटो तसे टांगून झाले. तिरक्या मानेतून काकूंनी ओळीवर नजर फिरवली. सुतात धरल्यासारखी होती.

दोन दिवसांनी मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. "काकू, जरा येऊन जाता का? काल पालकांची सभा होती. सगळे माझ्यापुढे मान वाकडी करून बसले होते. मला आधी वाटलं, माझीच थट्टा करताहेत."

काकू मिस्त्रींना घेऊन तावातावाने गेल्या. सभागृहाच्या मधोमध उभं राहून त्यांनी बघितलं. "सरळ तर आहेत!"

मुख्याध्यापिकाबाई भिडस्त होत्या. त्यांनी नुसतं काकूंच्या मानेकडे बघितलं, मग स्वतःच्या चपलांकडे.

काकूंनी बाकाची पाठ धरली आणि मान सरळ केली. सभागृह एक झोका खाऊन थांबलं, आणि अकरा हेडमास्तर ओळीने डावीकडे कलले. जणू शेजारच्या वर्गात कोण गोंगाट करतंय ते कान लावून ऐकत होते.

चाळीस वर्षांत काकूंच्या हातून एक चौकट वाकडी लागली नव्हती. पण ताठा कुठे जातो? "भिंत वाकडी बांधलीय तुमची," त्या म्हणाल्या आणि मिस्त्रींकडे वळल्या. "काय हो?"

"हो," मिस्त्री म्हणाले. "भिंतच वाकडी."

हे मात्र काकूंना लागलं. खोटं त्या स्वतः बोलल्या होत्या, त्याचं काही नाही. पण काटकोनापायी सख्ख्या भावाशी अबोला धरणारा हा माणूस धडधडीत सरळ भिंतीला वाकडी म्हणाला! फाटकाबाहेर आल्यावर त्या पायरीवर बसल्या.

"तुम्हाला शिडीवरून दिसलं होतं?"

"पहिल्यालाच दिसलं."

"मग बोलायला काय झालं होतं? मी विहिरीत उडी मारा म्हटलं तर माराल?"

"आजारात तुला कशाला दुखवायचं..."

"म्हणजे माझी नजर गेली, ते गावाला कळलं, आणि मला सांगायचं नाही!"

"नजर गेली नाहीय तुझी," मिस्त्री हळूच म्हणाले. "तुला चक्कर येते."

काकूंचा आवाज खाली आला. ही गोष्ट दहा वर्षांतून एकदा घडायची. "कधीपासून माहीत आहे?"

"काचवाल्याशी फुटक्या काचेवरून भांडलीस ना, त्या दिवसापासून. त्या दिवशी त्याने काच आणलीच नव्हती."

काकूंनी इकडेतिकडे बघितलं आणि बोट रोखलं. "दवाखान्यात चकार शब्द काढायचा नाही. औषध बंद करतील. पिल्लं आत्ता कुठं आटायला लागलीत. शपथ आहे."

मिस्त्रींनी नेहमीचं उत्तर दिलं.

पुढच्या आठवड्यात पिशवीचा दिवस आला. नर्स कागद घेऊन आली.

"ताप? जुलाब? पुरळ? चक्कर?"

"नाही, नाही, नाही, ना—"

"येते," मागून आवाज आला.

नर्सचं पेन थांबलं. खोलीतल्या सहा खुर्च्यांवरची सहा माणसं वळून बघायला लागली. मिस्त्री उभे होते, कानापर्यंत लाल.

"हे दमलेत," काकू म्हणाल्या. "यांच्याकडे लक्ष देऊ नकोस."

"दोन महिने येते आहे! उठली की येते, वाकली की येते. मान वाकडी करून हिंडते. अकरा हेडमास्तर वाकडे टांगले हिने!"

"मी टांगले? शिडीवर कोण होतं?"

"खाली कोण ओरडत होतं?"

"मग तुमचे डोळे काय उधार दिले होते? शपथ घातली होती मी तुम्हाला!"

"शपथ तू घातलीस! मी कुठे घेतली?"

गाठ निघाल्यापासून तुंबलेलं सगळं तिथं वाहिलं. खिळ्यांपासून दुधासाखरेपर्यंत. समोरच्या खुर्चीतल्या बाईंनी चांगलं ऐकू यावं म्हणून कानातलं गाणं बंद केलं. नर्सने मात्र काकूंना आडवं केलं, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला, मग उभं करून पुन्हा बघितला, आणि डॉक्टरांना बोलवायला गेली.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हे औषध अंगातल्या शिपायांना जागं करतं, गाठीवर सोडतं. पण जागे झालेले शिपाई कधीकधी घरच्याच माणसाला काठी मारतात. रक्त तपासायला लागेल. "अहवाल येईपर्यंत आजची पिशवी नको."

काकूंनी मिस्त्रींकडे असं बघितलं की मिस्त्री नर्सच्या मागे जाऊन उभे राहिले.

आठ दिवस घरात अबोला. मीठ हवं असेल तरी काकू शिंपिणीला हाक मारायच्या आणि तिला सांगायच्या, "त्यांना म्हणावं, मीठ द्या." मिस्त्री ताटाजवळ मीठ ठेवायचे आणि शिंपिणीलाच म्हणायचे, "हिला म्हणावं, आधी खाटेच्या काठावर बस, पाय हलव, घोटभर पाणी पी, मग उठ. नर्सने सांगितलंय." काकू ऐकू न आल्यासारखं करायच्या. पण काठावर बसायच्या, पाय हलवायच्या आणि पाणीही प्यायच्या.

अहवाल आला. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, ती शिपायांचा मार खाऊन सुस्तावली होती. तिचं काम करायला गोळ्या मिळाल्या, रोज घ्यायच्या, एकही दिवस चुकवायची नाही. "आणखी थोडे दिवस लपवलं असतंत, काकू," डॉक्टर म्हणाले, "तर एक दिवस कोसळून बेशुद्धच आला असतात. मग औषध राहिलं बाजूला, तुम्हालाच वाचवत बसावं लागलं असतं."

काकूंनी मान खाली घातली नाही, कारण मान खाली घातली की चक्कर येते. ती शुद्ध सोय होती, दुसरं काही नाही.

तीन आठवड्यांनी पिशवी पुन्हा सुरू झाली. पोस्टमनही आपल्या खुर्चीत परतला होता. थांबवणं म्हणजे बंद करणं नव्हे, हे काकूंना तेव्हा कळलं. चक्कर पुरती गेली नाही, पण जमीन बरीच शहाण्यासारखी वागायला लागली. मग एका सुट्टीच्या दिवशी दोघं शाळेत गेले. मिस्त्री शिडीवर, काकू खांबाला पाठ लावून बाकावर, मान ताठ.

"उजवा खाली."

"आता बरोबर आहे."

"मी म्हणते, उजवा खाली!"

"आणि मी म्हणतो, सरळ आहे. हात लावणार नाही मी."

तिसऱ्या हेडमास्तरांवरून अर्धा तास गेला. मुख्याध्यापिकाबाई दोनदा दारात डोकावल्या आणि दोनदा परत गेल्या. शेवटी काकूंनी एक डोळा मिटून बघितलं, मग दुसरा मिटून बघितलं. हेडमास्तर सरळ होते.

काकूंनी पदर सारखा केला आणि अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात मिस्त्रींना सांगितलं, "ऐका हो मिस्त्री, दवाखान्यात त्या दिवशी तोंड उघडलंत ते बरं केलंत. तेव्हाही 'तू म्हणशील तसं' म्हणाला असतात ना, तर बारावी फ्रेम माझीच करायला लागली असती, आणि तीही तुम्ही वाकडीच टांगली असती!"