कोवळ्या अळ्यांमधला फरक

सत्त्याण्णव साली सकवारअक्का होसकोट्याहून शहरात, इंदिरानगरला आली, ती बहिणीच्या मुलीचा, भार्गवीचा, संगणक बघायला. अक्काच्या रेशमाच्या अळ्यांची वजनं भार्गवीने वर्षभर टिपली होती. त्यावर तिची पीएच.डी. उभी राहायची होती. पण संगणक सारखा अडत होता, आणि सरांनी बजावलं होतं, उद्या चालवून दाखव, नाहीतर विषय बदल.

"कुठं अडतंय गं?"

"अळ्या वाढतात तसा त्यांच्या वजनांतला फरकही वाढतो, अक्का. थोरल्यांत खूप, धाकट्यांत स्वल्प. त्या फरकाची मी सरळ रेघ धरली. ती मागं नेली की अंड्यांतून नुकत्याच निघालेल्या अळ्यांपाशी शून्याखाली जाते."

"शून्याखाली फरक? म्हणजे सारख्याहून जास्त सारख्या?" अक्का पदर तोंडाला लावून हसली. "एवढं शिकून हेच का?"

"मला कळतं गं, यंत्राला कळत नाही! आधी आपला अंदाज सांगायचा, मग वजनं द्यायची. ते त्यांत बसतील अशा हजारो रेघा ओढून बघतं. एक जरी शून्याखाली गेली की थांबलं. आणि नेमकी तिथलीच वजनं तू घेऊ दिली नाहीस."

खरं होतं. कोवळ्या अळ्या अक्का पिसानं अलगद पानांवर उतरवायची. ओला जीव तोलू नये, असं तिच्या घरी मानत. आता पोरीचं वर्ष आपल्यापायी बुडतंय की काय, या विचारानं तिचं हसू मावळलं.

भार्गवी बराच वेळ पेन्सिल चावत बसली. मग ताठ झाली.

"फरकाची रेघच नको. फरकाच्या लॉगॅरिदमची धरते."

"सरी, बरं. म्हणजे काय?"

"समज, रेघ एक पायरी उतरली की फरक अर्धा. आणखी एक, त्याच्याही अर्धा. रेघ पाताळात जाऊ दे, फरक शून्याला शिवणार नाही."

अक्का मनातल्या मनात अर्ध्याचं अर्धं करत गेली. ते संपेचना.

भार्गवीने तसं लिहून दिलं. संगणक घरघरला, पण थांबला नाही. पडद्यावर रेघा उमटत गेल्या. थोरल्या अळ्यांपाशी फाकलेल्या, मागं येताना मिटत मिटत केसाएवढ्या जवळ. तरी मध्ये फट होतीच.

"न बघता, न तोलता याला ठाऊक, की दोन जीव अगदी सारखे नसतात?"

"ठाऊक कुठलं! मी आत्ता सांगितलं."

भार्गवी सरांना फोन लावायला बाहेर धावली. अक्का पडद्यासमोर हात जोडून उभीच राहिली.