चिमणीचा व्यायामवर्ग

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. या घरात आलो तेव्हा माझा काय तोरा होता! दादाच्या अभ्यासासाठी मला घेतलं होतं. माझ्या काचेवर कुणाचं बोट उमटलं तरी तो वसकन ओरडायचा. पुढे त्याला नवा फोन मिळाला आणि मी त्याच्या धाकट्या बहिणीकडे आलो.

तिला घरात चिमणी म्हणतात. लहानपणी ती होतीही तेवढीशीच. चौदाव्या वर्षी वजन इतकं वाढलं, की पाहुण्यांसमोर कुणी हाक मारली तर ती मान खाली घालायची. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. मैदानावर जायला ती तयार होईना, म्हणून आईने तिचं नाव ऑनलाइन व्यायामवर्गात घातलं.

पहिल्या दिवशी तिने माझ्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. शिकवणारी ताई म्हणाली, "दिसली नाहीस तरी चालेल गं. फक्त धापा ऐकू येऊ देत, म्हणजे मला कळेल तू आहेस."

चिमणी खुदकन हसली. मग रोज संध्याकाळी तिच्या उड्यांनी कपाटावरचे डबे खडखडू लागले. एके दिवशी तिने आपणहून पट्टी काढली. माझ्या काचेवरच्या चौकटीचौकटीतून मुलं टाळ्या वाजवू लागली. घामाने भिजलेला, हसरा असा तिचा चेहरा मी प्रथमच पाहिला.

दाराच्या फटीतून दादाही पाहत होता. हातात फोन धरून.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली ती रडतच. मुलांनी तिच्यासारख्या उड्या मारून दाखवल्या होत्या. दादाने मित्रांना पाठवलेला व्हिडिओ शाळाभर फिरला होता.

"अगं, गंमत केली! एवढं काय मनाला लावून घेतेस?" दादा म्हणाला.

"गंमत?" आई म्हणाली. "ती पट्टी काढायला तिने केवढा धीर गोळा केला होता, माहितेय तुला?"

दादाचा चेहरा उतरला. चिमणीने मला बंद करून खणात टाकलं.

काही महिन्यांनी दादाने मला बाहेर काढलं, चार्ज करून वर्ग लावला. "चल ना, मीही करतो. माझा व्हिडिओ काढ, हवं त्याला पाठव."

पुस्तकातून मान वर न करता ती म्हणाली, "जाताना दार ओढून घे."

तेवढ्यात माझ्यातून ताईचा आवाज आला, "आलीस का गं? किती वाट पाहिली तुझी!"

पान उलटणारा तिचा हात थांबला. पण ती उठली नाही.

"ती नाही आली," दादा कसाबसा म्हणाला. "मी तिचा भाऊ."

मित्रांनो, कुणी धापा टाकत धडपडत असेल, तर हातातला फोन खाली ठेवा. तुम्ही द्याल ते आम्ही क्षणात दूरवर पोहोचवतो. परत आणणं आम्हाला जमत नाही.