तेलाचं फडकं

सायकल माणसाला वाहून नेते एवढं मिस्त्रींना ठाऊक होतं. पण त्यांची मुलगी ज्या खेळाच्या नादी लागली होती, त्यात आधी सायकलच गाडीत बसून डोंगरावर जायची आणि मग माणूस तिच्यावर बसून दगडधोंड्यांतून खाली यायचा. "उलट्या खोपडीचा धंदा," असं मिस्त्री म्हणाले होते. त्यावरून बापलेकीत जुंपली आणि पुढची दोन वर्षं एका घरात राहून दोघं भिंतीशी बोलल्यासारखी बोलत होती. "जेवण झाकून ठेवलंय." "दार लावून घ्या." बस्स.

हा अबोला सुटला तो एका ओरखड्यामुळे. डोंगरावर नेणाऱ्या शटलच्या गाडीत सायकली एकमेकींवर रेलून लादलेल्या असत. गाडी चालवणाऱ्याला सगळे 'सावकाश' म्हणत, कारण तो जन्मात कधी गाडी सावकाश हाकत नसे. एकदा एका वळणावर कुणाच्या तरी सायकलचं पॅडल मिस्त्रींच्या मुलीच्या सायकलच्या पोटात घुसलं. रंग खरवडला, मागच्या चाकाची चकचकीत डिस्क, म्हणजे ब्रेकची पोलादी चकती, वाकली. मुलगी घरी आली आणि पायरीवर बसून लहान पोरीसारखी रडली. तिची आई गेल्यापासून तिला रडताना मिस्त्रींनी पाहिलं नव्हतं. त्यांचं काळीज हललं, पण माफी मागायची तर सुरुवात कुठून करायची, हे कुणी त्यांना शिकवलंच नव्हतं.

शिकवलं होतं ते लेथवरचं काम. उभं आयुष्य त्यांनी लोखंड कातलं होतं. तयार माल कारखान्याबाहेर पडताना त्यांचा एक दंडक असे: उघडं पोलाद कोरडं जाता कामा नये. त्याला तेलाचा हात द्यायचा, वर तेलात भिजवलेलं फडकं, त्यावर जाड कापड, आणि सुतळीने आवळून गाठ. पोहोचल्यावर घेणाऱ्याने पुसून घ्यावं. मिस्त्रींच्या हातचा माल वाटेत खराब होऊन कधी परत आला नव्हता, आणि घरी आलेल्या पाहुण्याला हे चहाच्या आधी ऐकावं लागे.

डिस्क बदलून सायकल घरी आली. पुढच्या सुटीला मुलगी पुन्हा डोंगरावर निघणार होती. आदल्या दिवशी ती कामावर गेली आणि मिस्त्रींनी सायकल अंगणात घेतली. सांगाड्याला जुनी गोधडी गुंडाळली. पॅडल काढून पिशवीत घातली. हँडलला रबरी नळी चिरून बसवली. मग त्यांची नजर दोन्ही चाकांच्या डिस्कवर गेली. नुसतं उघडं पोलाद, त्यावर ना रंग ना लेप! मिस्त्रींनी मान हलवली आणि माळ्यावरचा तेलाचा डबा काढला. डिस्क ब्रेकसाठी असते हे त्यांना कळत होतं. पण पुसलं की तेल जातं, हा त्यांचा जन्माचा अनुभव होता. चाक हळूहळू फिरवत त्यांनी मायेने तेल लावलं आणि डिस्कवर तेलात भिजवलेलं फडकं बांधलं. ते तेल डिस्कला चिमटून चाक थांबवणाऱ्या ब्रेकच्या पॅडवर जात होतं आणि पॅड ते पीत होते. एकदा प्यायलेले पॅड कितीही पुसले तरी धरत नाहीत, टाकूनच द्यावे लागतात. हे मिस्त्रींना कुठून माहीत असणार?

संध्याकाळी मुलीने ते गाठोडं पाहिलं आणि खळखळून हसली.

"बाबा, सायकल आहे की बाळंतीण?"

"वर गेल्यावर नीट पुसून घे," मिस्त्री म्हणाले. मग घसा खाकरून म्हणाले, "उद्या मीही येतो. खाली उभा राहीन. बघू तरी काय करतेस ते."

रात्री जेवताना तिने बऱ्याच दिवसांनी त्यांना स्वतःच्या हाताने वाढलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री पायथ्याच्या शेवटच्या वळणापाशी उभे राहिले. उन्हाने माती भाजून निघाली होती, पाऊल टाकलं की धूळ उडत होती. एकेक सायकलवाला यायचा, वळणाआधी वेग कमी करायचा आणि वळून जायचा. मग त्यांना तिचं लाल शिरस्त्राण दिसलं. त्यांनी हात वर केला. तिचा वेग कमी झालाच नाही. ती वळणावरून सरळ बाहेर गेली आणि खालच्या खडकांत पडली. मिस्त्रींचा हात तसाच वर राहिला होता.

इस्पितळाच्या व्हरांड्यात सावकाश त्यांच्याशेजारी येऊन बसला. आज खरोखरच तो सावकाश बोलत होता.

"सायकल आणलीय, मिस्त्री. झुडपात अडकली होती. रंगसुद्धा गेलेला नाही." मग त्याने विचारलं, "डिस्कला तेल कुणी लावलं होतं?"

मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं.

"वर तिने फडकं सोडलं आणि तिचा चेहराच उतरला. पुसपुस पुसलं. ब्रेक दाबून पाहिला, धरेना. मी म्हटलं, बाई, आज राहू दे, गाडीत बस, खाली सोडतो. तर म्हणाली, खाली बाबा उभे आहेत. गाडीतून खाली आले तर विचारतील, गाडीतून का आलीस? काय सांगू त्यांना? आज पहिल्यांदा आलेत. मी हळूहळू जाईन."

मिस्त्रींना वाटलं, आपले दोन्ही हात मनगटापासून तोडून कुणीतरी घेऊन जावेत.

डॉक्टरीणबाईंनी आत सोडलं. कमरेखाली आता तिला काही जाणवणार नाही, पाय हलणार नाहीत, हे त्यांनी दारातच सांगितलं होतं. मुलगी छताकडे पाहत होती. मिस्त्री खाटेशी उभे राहिले. त्यांच्या नखांत अजून तेल होतं. त्यांनी हात मागे लपवले, मग मुद्दाम पुढे घेतले.

"पोरी, ते तेल मी..."

"दगड ओला होता, बाबा."

"अगं, सगळीकडे धूळ..."

"ओला होता." तिने त्यांचा हात चाचपडत धरला, नखांसकट. "मी पडले ना? मग मला माहीत. घसरले मी. कुणीही विचारलं तरी हेच सांगायचं. तुम्हीसुद्धा."

आयुष्यात मिस्त्रींनी केसाएवढी चूकही कधी मालात खपवून घेतली नव्हती. ते खाटेच्या कडेवर बसले.

"होता," ते म्हणाले. "ओलाच होता."